चिमुकल्या विमानाचें इंधन आणि वंगण

हलक्या लाकडाचें विमान बांधून त्याच्या नाकाशीं लिंबाएवढें एंजिन बसवावें आणि तें आकाशांत सोडावें, ही हौस आपल्या देशांतील तरुणांस आतां नवी राहिलेली नाहीं. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत हा विषय शिकविला जातो. पंख कसे तोलावे, शेपूट केवढी असावी, पंखा कोणत्या मापाचा निवडावा याविषयीं मुलें तासन्‌तास वाद घालतात. परंतु टाकींत काय ओतावें, हा प्रश्न बहुधा शेवटच्या क्षणीं विचारला जातो. वास्तविक तो पहिला असावयास पाहिजे. वर्षभराची बचत खर्चून घेतलेलें एंजिन चुकीच्या तेलामुळें अर्ध्या मिनिटांत कायमचें निकामी होऊं शकतें. आणि या कामीं लागणाऱ्या द्रवांपैकीं एक तर मनुष्याची दृष्टि हिरावून घेणारा आहे. म्हणून या विषयाचा थोडा खुलासेवार विचार करूं.

प्रथम एंजिनाची रचना ध्यानांत घ्यावी. मोटारींत वंगणाचें तेल एका पेटींत असतें व इंधन दुसऱ्या टाकींत. दोघांची भेट होऊं नये अशीच तेथें योजना असते. विमानाच्या प्रतिकृतीवरील लहान एंजिन बहुतकरून दोन आघातांचें असतें. त्याचा दट्ट्या वर जाऊं लागला म्हणजे खालच्या पेटींत हवा व इंधन ओढलें जातें, आणि दट्ट्या खालीं आला म्हणजे तेंच मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटेनें त्याच्या डोक्यावर पोंचतें. दांडा, त्याचा आधार, दट्ट्याची पिन व सिलिंडरची भिंत या सर्वांवरून इंधन असें धुवून जात असतें. निराळें तेल ठेवावयास येथें जागाच नाहीं. त्यामुळें तेल इंधनांतच मिसळून द्यावें लागतें; तें आपलें काम करतें आणि बहुतांशीं न जळतां धुराच्या वाटेनें बाहेर पडतें. विमानाच्या अंगावर उड्डाणानंतर जो चिकट थर दिसतो तो याच तेलाचा होय.

मिनिटास १२ हजार फेरे करणारें एंजिन घेतल्यास एका सेकंदांत २०० स्फोट होतात. या गतीनें घासणाऱ्या दोन धातूंमध्यें तेलाचा पातळसा पापुद्राच काय तो आडवा असतो. यावरून वंगणाच्या दोन कसोट्या ठरतात. पहिली ही कीं, तें इंधनांत पूर्णपणें विरघळलें पाहिजे; वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसणारें तेल कितीहि उत्तम असलें तरी निरुपयोगी होय. दुसरी ही कीं, तापलेल्या धातूवर त्याचा पापुद्रा टिकला पाहिजे. पुढील सर्व विवेचन या दोन कसोट्यांवरच उभें आहे.

एंजिनांच्या तीन जाति आहेत, आणि इंधन पेटण्याची रीत हा त्यांतील भेद आहे. पहिली जात ठिणगीनें पेटणाऱ्या पेट्रोल एंजिनांची. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील विल्यम ब्राऊन या तरुणानें बनविलेलें असें एंजिन वापरून मॅक्सवेल बॅसेट यानें १९३३ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेंत यश मिळविलें, आणि रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांच्या जगांत खळबळ उडाली. परंतु ठिणगी पाडण्यासाठीं वेटोळें, कंडेन्सर व बॅटरी हीं ओझीं विमानास वाहावीं लागत. दुसरी जात दाबानें पेटणाऱ्या एंजिनांची. हिला हौशी लोक डीझेल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत युरोपांत हिचा प्रसार झाला. तिसरी जात तप्त तारेची. १९४७ सालीं अमेरिकेंतील रे आर्डन यानें ग्लो प्लग बाजारांत आणली आणि बॅटरीचें ओझें एकदम उतरलें.

ही ग्लो प्लग म्हणजे प्लॅटिनमच्या बारीक तारेचें एक लहानसें वेटोळें होय. आरंभीं दीड व्होल्टच्या विजेनें तें लाल करावें लागतें. एंजिन सुरू झालें कीं वीज काढून घ्यावी. तार लाल राहतेच. याचें कारण काय? हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञास १८१७ सालींच असें आढळून आलें होतें कीं, तापलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायु व हवा यांच्या मिश्रणांत धरली असतां ज्वालेवांचून तेजाळत राहते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हवेंतील प्राणवायूचा व इंधनाचा संयोग सुलभ होतो आणि त्या संयोगाची उष्णता तारेस मिळत जाते. प्लॅटिनम मात्र स्वतः खर्च होत नाहीं. मेथिल अल्कोहोल, ज्यास मेथनॉल म्हणतात, त्याच्या वाफेवर हा परिणाम उत्तम होतो. पेट्रोलच्या वाफेवर तसा होत नाहीं. म्हणून साध्या ग्लो एंजिनास मेथनॉल लागतें. पेट्रोल अधिक उष्णता देतें म्हणून तेंच ओतावें असा तर्क येथें लागू पडत नाहीं.

त्या तर्कांत आणखी एक उणीव आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल जळल्यास सुमारें साडेदहा हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. मेथनॉलपासून पावणेपांच हजारच मिळते. हे आंकडे पाहून मेथनॉल दुबळें वाटेल. परंतु एंजिनाच्या पोटांत किती हवा मावते यावर त्याची शक्ति अवलंबून असते. पंधरा किलोग्रॅम हवेंत पेट्रोल सुमारें एक किलोग्रॅम जळूं शकतें. मेथनॉलच्या अणूंतच थोडा प्राणवायु असल्यामुळें तितक्याच हवेंत तें सुमारें सव्वादोन किलोग्रॅम जळतें. गुणाकार करून पाहा: दोहोंची उष्णता जवळजवळ सारखीच येते. शिवाय मेथनॉलची वाफ होतांना तें पेट्रोलच्या सुमारें तिप्पट उष्णता शोषून घेतें, आणि सव्वादोनपट अधिक मेथनॉल जात असल्यामुळें एंजिन आंतून थंड राहतें. या सुखाची किंमत म्हणजे टाकी दुपटीहून मोठी लागते.

मेथनॉलमध्यें नैट्रोमेथेन नांवाचा द्रव घालण्याची चाल आहे. त्याच्या अणूंत प्राणवायु पुष्कळ असल्यामुळें थोड्या हवेंत तो पुष्कळ जळतो, आणि शक्ति वाढते. एंजिन मंद गतीवरहि स्थिर चालतें. नेहमीच्या उड्डाणास शेंकडा ५ ते १५ हें प्रमाण पुरे होतें. परंतु तो महाग आहे, त्यामुळें एंजिन अधिक तापतें, आणि जळल्यावर त्यापासून होणारीं आम्लें पोलादास गंज चढवितात. ज्यास शर्यत जिंकावयाची नाहीं त्यानें त्याच्या मागें लागूं नये. आंतरराष्ट्रीय वेगस्पर्धांत अनेक वर्षें ८० भाग मेथनॉल व २० भाग एरंडेल एवढेंच साधें इंधन सर्वांस सारखें देण्याचा नियम होता, आणि त्या इंधनावरहि विमानें थक्क करणाऱ्या वेगानें धांवलीं.

आतां दाबाच्या एंजिनाकडे वळूं. सायकलींत हवा भरतांना पंपाचा तळ तापतो हें सर्वांस ठाऊक आहे. हवा एकाएकी दाबली कीं ती तापते. पुरेशी दाबली तर तिच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. मात्र एवढ्याशा सिलिंडरांत रॉकेल असें सहज पेटत नाहीं. म्हणून त्यांत ईथर घालतात. ईथर ३५ अंश सेंटिग्रेडलाच उकळतें आणि १८० अंशांच्या आसपास ठिणगीवांचून पेट घेतें. ईथर ही आगपेटी व रॉकेल हें सरपण, असें समजावें. तिसरा घटक तेल. ईथर, रॉकेल व एरंडेल यांचे तीन सारखे भाग हें जुनें, सोपें व विश्वासू मिश्रण होय; नव्या एंजिनाच्या पहिल्या कांहीं तासांस तें आजहि चांगलें. एंजिन रुळल्यावर ईथर शेंकडा ३० ते ३५, तेल २० ते २५ व उरलेलें रॉकेल असें करितात, कारण शक्ति मुख्यतः रॉकेलांतून येते. त्यांत पेट लवकर घेणारा एखादा नैट्रेट शेंकडा एक-दोन भाग घातल्यास एंजिन अधिक नियमित चालतें.

या एंजिनाच्या माथ्यावर दाब कमीअधिक करण्याचा स्क्रू असतो. बाटलीचें बूच सैल राहिल्यास ईथर उडून जातें. मग एंजिन सुरू होईना म्हणून मुलें स्क्रू आवळीत बसतात, आणि शेवटीं कनेक्टिंग रॉड वाकतो. दोष बुचाचा आणि शिक्षा रॉडला! एंजिन काल सुरू होत होतें आणि आज होत नाहीं, तर स्क्रूला हात लावण्यापूर्वीं ताज्या बाटलींतील इंधन घालून पाहावें.

ठिणगीच्या जुन्या पेट्रोल एंजिनांस तीन किंवा चार भाग पेट्रोलास एक भाग जाड खनिज तेल देत असत. हल्लींच्या मोठ्या प्रतिकृतींतील पेट्रोल एंजिनांचे आधार गोळ्यांचे असतात व त्यांसाठीं खास दोन-आघाती तेल मिळतें; त्यामुळें ३० ते ५० भागांस एक भाग तेल पुरतें. नेमकें प्रमाण कारखान्याच्या पत्रकांत दिलेलें असतें, तेंच पाळावें.

वंगणांची निवड हा आपल्या विषयाचा गाभा आहे. प्रयोगशाळेंत एक सोपा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीं करून पाहावा. तीन परीक्षानळ्या घ्या. पहिलींत स्पिरिट व एरंडेल, दुसरींत स्पिरिट व यंत्राचें साधें खनिज तेल, तिसरींत रॉकेल व एरंडेल घालून हलवा. पहिलींतील द्रव एकजीव होईल. दुसरींत तेल वेगळें राहील. तिसरींतहि थोड्या वेळानें दोन थर दिसूं लागतील. त्यांत शिक्षकांनीं ईथर घातलें कीं थर मोडून द्रव स्वच्छ होईल. या तीन नळ्यांत सारा धडा आला. मोटारीचें खनिज तेल मेथनॉलमध्यें कां चालत नाहीं, ईथर हें नुसती आगपेटी नसून मध्यस्थहि कसें आहे, आणि डीझेलचें मिश्रण करितांना आधीं ईथर व एरंडेल एकत्र करून मगच रॉकेल कां घालावें, हें सर्व त्यावरून कळतें.

एरंडेलाचें हें वेगळेपण कोठून आलें? त्यांतील मेदाम्लांपैकीं शेंकडा ८५ हून अधिक भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. या आम्लाच्या लांब साखळीवर अल्कोहोलांत असतो तसा प्राणवायु व उज्ज यांचा एक गट लटकलेला आहे. समान स्वभावाचीं माणसें लवकर मिसळतात, तसें या गटामुळें एरंडेल अल्कोहोलांत मिसळतें, पेट्रोल व रॉकेल यांपासून दूर राहतें, आणि धातूला घट्ट बिलगतें. त्याचा जाडपणाहि त्याच गटामुळें येतो. पहिल्या महायुद्धांत ज्या विमानांचीं एंजिनें पंख्यासह स्वतःच गरगर फिरत, त्यांत पेट्रोलची वाफ दांड्याच्या पेटींतून जात असे. तेथें खनिज तेल पेट्रोलनें धुवून गेलें असतें. एरंडेल टिकून राही. त्याचे तुषार वैमानिकांच्या तोंडावर येत, आणि त्याचा पोटावर होणारा परिणाम आपणां सर्वांस बाळपणापासून ठाऊकच आहे! कॅस्ट्रॉल हें प्रसिद्ध नांवहि इंग्रजी भाषेंतील एरंडाच्या नांवावरूनच निघालें आहे. ओसाड गांवीं एरंड बळी अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु तापलेल्या एंजिनांत हा एरंड भल्याभल्यांच्या गांवींहि बळी ठरतो. जगांत एरंडीचें सर्वांत मोठें पीक आपल्याच देशांत, विशेषतः गुजराथेंत, निघतें.

एरंडेलाचा सर्वांत मोठा गुण संकटकाळीं दिसतो. इंधन कमी पडून एंजिन फार तापलें तर अन्य तेलें उडून जातात किंवा जळतात. एरंडेलाचे अणु मात्र एकमेकांस जोडले जाऊन अधिक जाड होतात व पापुद्रा धरून ठेवतात. याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे दट्ट्यावर व सिलिंडरवर बसणारें तांबूस रोगण. तें फार सांचलें तर एंजिन जड चालतें. आणि महिनोन्‌महिने ठेवलेलें एंजिन चिकटून बसतें. तेव्हां जोर करूं नये. थोडी उष्णता दिल्यास तें मोकळें होतें.

कृत्रिम तेलें निराळ्या स्वभावाचीं आहेत. मेथनॉलांत विरघळतील अशींच तीं मुद्दाम तयार केलेलीं असतात. तीं पातळ असतात, रोगण धरीत नाहींत, आणि विमान पुसावयास सोपें जातें. परंतु अति उष्णतेंत तीं साथ सोडतात, व गंजापासून एरंडेलाइतकें रक्षण करीत नाहींत. म्हणून पुष्कळ अनुभवी लोक दोन्ही मिसळून वापरतात. लोखंडी दट्ट्याच्या जुन्या धर्तीच्या एंजिनास शेंकडा २० ते २५ तेल, तेंहि सर्व किंवा बहुतेक एरंडेल, द्यावें. ॲल्युमिनियमचा दट्ट्या व क्रोम चढविलेली पितळी नळी असलेल्या नव्या एंजिनास शेंकडा १८ ते २० तेल पुरतें. त्यांतील बराच भाग कृत्रिम असला तरी चालतो, पण थोडें एरंडेल असूं द्यावें. तेल कमी केल्यानें शक्ति वाढते हा लोभ खोटा आहे. जो लाभ होतो तो फार थोडा, आणि हानि झाली तर सर्वस्वाची.

एरंडेल घेतांना तें स्वच्छ, फिकट व शुद्ध केलेलें घ्यावें. खेड्यांत बिया भाजून, कुटून, पाण्यांत उकळून काढलेलें तेल केसांस चांगलें असेल. परंतु त्यांत पाण्याचा अंश व चिकट द्रव्यें राहतात, म्हणून एंजिनास तें देऊं नये. मेथनॉलहि पाण्याचें भुकेलें असतें. उघडें ठेवल्यास हवेंतील ओल शोषून घेतें, आणि कोंकणच्या पावसाळ्यांत तर हें फार लवकर होतें. एक लिटर इंधनासाठीं २०० घनसेंटिमीटर एरंडेल कोरड्या बाटलींत मोजून घ्यावें, त्यांत ८०० घनसेंटिमीटर मेथनॉल ओतून चांगलें हलवावें, बारीक कापडांतून गाळावें आणि घट्ट बूच लावावें. स्टोव्हसाठीं मिळणारें निळें स्पिरिट मेथनॉलच्या जागीं वापरूं नये. तें मुख्यतः निराळें अल्कोहोल असून त्यांत पाणी असतें. नळीकडेहि लक्ष असावें: सिलिकोनची नळी मेथनॉलास चालते, परंतु पेट्रोलनें ती फुगते.

उत्तम इंधनहि चुकीच्या मात्रेनें घातक होतें. सुईच्या झडपेनें मात्रा ठरते. पांढरा धूर व जाडसर, तुटक आवाज असल्यास इंधन अधिक जात आहे. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. आवाज किंचाळीसारखा चढून पुढें बसूं लागला, धूर दिसेनासा झाला, तर इंधन कमी पडत आहे असें समजून झडप तत्काळ उघडावी. ध्यानांत ठेवा, इंधन कमी म्हणजे तेलहि कमी. ज्या क्षणीं एंजिनास वंगणाची अधिक गरज, त्याच क्षणीं तें तुटतें. आकाशांत टाकी रिकामी होत येतां मिश्रण आणखी विरळ होतें, म्हणून जमिनीवर झडप किंचित अधिकच उघडी ठेवावी. दिवसाचें काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, एंजिनांत उरलेलें इंधन जाळून टाकावें व दोन थेंब हलकें तेल सोडून ठेवावें. नाहीं तर मेथनॉलपासून होणारें आम्ल रातोरात गोळ्यांस गंज चढवितें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मेथनॉल विष आहे. तें शरीरांत गेलें म्हणजे त्याचें फॉर्मिक आम्ल बनतें, मुंगीच्या दंशांत असतें तेंच, आणि तें डोळ्यांच्या मज्जातंतूंचा नाश करितें. दोन-तीन चमचे पोटांत गेल्यानें दृष्टि जाऊं शकते. याहून थोड्या अधिकानें प्राण जातो. पहिले कांहीं तास मनुष्य बरा दिसतो, हेंच त्याचें कपट. मुंबईंत मालाड-मालवणी येथें जून २०१५ मध्यें मेथनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. तीं बहुतेक गरीब कष्टकरी होतीं. त्यांच्या घरचीं मुलें आपल्यासारख्याच शाळांतून शिकत असतील. म्हणून हा द्रव तोंडानें नळीवाटे कधींहि ओढूं नये, सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत भरूं नये, अंगावर सांडल्यास लगेच धुवावा, आणि चुकून पोटांत गेल्यास लक्षणांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. बाटलीवर 'विष' हें अक्षर ठळक लिहावें, आणि घरांतील वाचतां न येणाऱ्या माणसांस व लहान भावंडांस तोंडानें सांगून ठेवावें. मेथनॉलची ज्योत उन्हांत दिसत नाहीं, हेंहि विसरूं नये. ईथरची वाफ हवेहून जड असून जमिनीवरून दूरच्या दिव्यापर्यंत सरपटत जाते. आणि जुन्या ईथरांत उजेडामुळें स्फोटक द्रव्य उत्पन्न होतें. तें थोडेंच आणावें, गडद रंगाच्या बाटलींत थंड जागीं ठेवावें, व मिश्रण नेहमीं उघड्यावर, वडील माणसाच्या समक्ष करावें.

हल्लीं विजेच्या मोटारी व लिथियमच्या बॅटऱ्या इतक्या हलक्या व जोरकस झाल्या आहेत कीं पुष्कळ हौशी लोकांनीं इंधनाचीं एंजिनें सोडून दिलीं आहेत. ज्यास केवळ उडवावयाचें आहे त्यानें खुशाल तीच वाट धरावी. परंतु ज्यास उष्णतेचें बळ कसें होतें हें स्वतःच्या हातांनीं शिकावयाचें आहे, त्यास या लहान एंजिनासारखा शिक्षक विरळा. अशा विद्यार्थ्यानें प्रथम एंजिनाची जात ओळखावी, मग तिला साजेल तें इंधन, आणि त्या इंधनांत विरघळेल तें तेल निवडावें. हा क्रम उलटा केला कीं नुकसान ठरलेलें. आणि पहिली बाटली भरण्यापूर्वीं तिच्यावर काय आहे, किती आहे व कोणत्या दिवशीं भरलें, एवढें चिठीवर लिहून ती चिकटवावी. मगच बूच उघडावें.